पीएसए ५.८ आलंय, "हाय" लिहिलंय… म्हणजे नेमकं काय?

आमच्या गल्लीतले अण्णा, वय ७१, दोन-अडीच महिन्यांपूर्वी सकाळी सातला दारात उभे. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की पान्हा घेऊन पळणारा माणूस. पोरगं पुण्याला असतं, त्यानं फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक करून दिलं होतं, घरी येऊन रक्त घेऊन गेले, रिपोर्ट गेला पोराच्या मोबाईलवर. त्यानं रात्री फोन करून सांगितलं, "अण्णा, बाकी सगळं ठीक आहे, फक्त प्रोस्टेटचं ते पीएसए हाय आलंय."

आता आपल्या सोलापुरात "हाय" म्हणजे "आहे". अण्णांनी तेवढंच ऐकलं. कॅन्सर हाय. रात्रभर माणूस झोपला नाही, सकाळी मला म्हणतात, "हाय म्हणला की पोरगं, आता किती दिवस उरल्यात सांग."

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. आयुष्य लॅबमध्ये गेलंय, सॅम्पल घेणं, मशीनला लावणं, रिपोर्ट छापणं. त्यामुळं ते "हाय" तिथं कोण लिहितं हे मला पक्कं माहिती आहे. कोणीच लिहीत नाही. कॉम्प्युटरमध्ये ४ ही मर्यादा टाकून ठेवलेली असते, आकडा ४.१ आला तरी शेजारी ठळक हाय उमटतो आणि ४४ आला तरी तोच उमटतो. त्याला अण्णांचं वय माहीत नसतं, त्यांना लघवीला रात्री चारदा उठावं लागतं हे माहीत नसतं, आणि पंधरा दिवसांपूर्वी लघवीला जळजळ होत होती हे तर अण्णांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर हाडापर्यंत गेलेला निघाला, तेव्हापासून ही टेस्ट "करून टाकू एकदा" म्हणणारे लोक वाढलेत. करायला हरकत नाही, पण आकडा मधलाच आला तर पुढं काय याचा विचार आधी कोणी करत नाही. म्हणून हे लिहितोय.

पीएसए म्हणजे काय, कारखान्याच्या भाषेत

प्रोस्टेट ही पुरुषांत मूत्राशयाच्या खाली असलेली ग्रंथी, तरुणपणी आक्रोडाएवढी, मधून लघवीची नळी जाते. वीर्यातला काही द्रव तिथं तयार होतो आणि तो पातळ ठेवण्यासाठी ती एक प्रोटीन बनवते, त्याचं नाव पीएसए. त्यातलं अगदी थोडंसं रक्तात झिरपतं. किती थोडं? मोजमाप नॅनोग्रॅममध्ये असतं, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. अण्णांचं ५.८ म्हणजे एक मिलीलिटर रक्तात असले ५.८ भाग.

अण्णांना मी असं सांगितलं. समजा तुमचा यंत्रमागाचा कारखाना आहे, तुम्ही बाहेर रस्त्यावर उभे आहात, आत जाता येत नाही, फक्त खटक खटक आवाज ऐकू येतोय. तो आवाज म्हणजे पीएसए. आज आवाज नेहमीपेक्षा जास्त आहे. का असेल? एक, मालकानं माग वाढवले असतील. दोन, आत काहीतरी तात्पुरती गडबड असेल, ठोकाठोकी चालू असेल. तीन, एखादा माग खरंच बिघडला असेल आणि वेडावाकडा आपटत असेल. रस्त्यावरून तिन्ही सारखंच ऐकू येतं. जॉबर माणूस, लगेच म्हणाले, "मग आत जाऊन बघाय पाहिजे की." बघायचंच आहे, पण दार फोडायच्या आधी दोन-चार सोप्या गोष्टी आहेत.

माग वाढणं म्हणजे वयानुसार प्रोस्टेट मोठं होणं. यात कॅन्सर नसतो. पन्नाशीत जवळपास निम्म्या पुरुषांत हे सुरू झालेलं असतं, ऐंशीत बहुतेकांत. धार बारीक होणं, थांबून थांबून होणं, रात्री उठणं, झाली तरी राहिल्यासारखं वाटणं, आपल्या नळाला पाणी यायच्या दिवशी शेवटच्या घराला जशी करंगळीएवढी धार येते तसं. ग्रंथी मोठी म्हणजे पीएसए बनवणाऱ्या पेशी जास्त, म्हणजे आकडा जास्त. साधा हिशोब.

तात्पुरती गडबड म्हणजे मुख्यतः इन्फेक्शन. लघवीचं इन्फेक्शन किंवा प्रोस्टेटला सूज आली की पीएसए चांगलाच उसळतो, कधीकधी वीस-तीसच्या वर जातो, आणि बरं झाल्यावर खाली यायला सहा ते आठ आठवडे घेतो. लघवी अडकून नळी घातली असेल, दुर्बिणीची तपासणी झाली असेल, तरी वाढतो. टेस्टच्या आधी दोन दिवसांत वीर्यपतन झालं असेल तरी थोडा फरक पडतो, हे सत्तरीच्या माणसाला विचारायला आमची पोरं लाजतात आणि सांगायला म्हातारी माणसं लाजतात, त्यामुळं रिपोर्टवर ते कधीच येत नाही. लांब सायकल चालवून आला असाल तर तेही टाळून टेस्ट करावी असं सांगतात.

हा चारचा आकडा आला कुठून

ही टेस्ट आधी, १९८६ मध्ये, अमेरिकेत मंजूर झाली ती कॅन्सर आधीच झालेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला. शोधायला म्हणून मंजुरी मिळाली १९९४ मध्ये आणि ४ ही रेघ तेव्हा पक्की झाली. लोकांना वाटतं ३.९ म्हणजे सेफ आणि ४.१ म्हणजे गेला. तसं शरीरात काही नसतं. २००४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात पीएसए चार किंवा कमी असलेल्या पुरुषांची पण बायोप्सी, म्हणजे सुईनं ग्रंथीचे तुकडे काढून तपासणी, केली होती, तर शंभरातल्या साधारण १५ जणांत कॅन्सर सापडला. उलट बाजूनं, ४ ते १० या मधल्या पट्ट्यात, ज्याला डॉक्टर ग्रे झोन म्हणतात, बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकाला निघतो. म्हणजे तिघांना नसतो.

वयानुसार रेघ सरकवायची पद्धत पण आहे. १९९३ मध्ये सुचवलेला एक तक्ता बऱ्याच ठिकाणी वापरतात, चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ पर्यंत. त्या हिशोबानं अण्णांचं ५.८ बसतं आतच. पण तो तक्ता दाखवून "काही नाही, घरी जावा" असं मी म्हणालो नाही, कारण तोही अंदाजच आहे, आणि सगळे डॉक्टर तो मानत नाहीत.

पहिलं काम: परत करा, घाई न करता

एका आकड्यावर काहीच ठरवायचं नाही. अमेरिकेतच पीएसए चारच्या वर आलेल्या पुरुषांची पुढच्या वर्षांत परत परत टेस्ट केली तर ४४ टक्के लोकांचं पुन्हा नॉर्मलमध्ये आलं, हा अभ्यास २००३ चा. काही न करता. त्यामुळं मधला आकडा आला की आधी लघवीची साधी तपासणी, इन्फेक्शन असेल तर डॉक्टर देतील ते औषध पूर्ण, मग सहा-आठ आठवडे थांबून परत पीएसए. आकडा वाढलाय म्हणून नुसता अँटिबायोटिकचा कोर्स देऊन बघू असंही काही ठिकाणी चालतं, इन्फेक्शन नसताना त्याचा उपयोग नाही.

आणि कृपा करून त्याच लॅबमध्ये करा. हे मी गिऱ्हाईक मिळावं म्हणून सांगत नाही. वेगवेगळ्या कंपनीच्या मशीनचं माप वेगळं बसतं, त्याच रक्ताचा आकडा वीसेक टक्क्यांनी इकडं-तिकडं होऊ शकतो, आणि एकाच माणसाचा एकाच मशीनवर पण दिवसागणिक पंधरा-वीस टक्के हलतो. पॅकेज स्वस्त मिळालं म्हणून दर वेळी नवीन लॅब पकडली की आकडा वाढला का मशीन बदललं हे कोणालाच कळत नाही. उपाशी पोटी यायची गरज नाही, चहा-भाकरी खाऊन आलात तरी चालतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर मात्र सांगा, काही मशीनमध्ये त्यानं आकडा फसवा येतो.

आता एक गोष्ट जी लोक हमखास विसरतात, आणि मला वाटतं या लेखातली सगळ्यात कामाची हीच आहे. प्रोस्टेटसाठी गोळी चालू आहे का? त्या गोळ्या दोन जातीच्या. एक टॅमसुलोसिनसारखी, ती नुसती धार मोकळी करते, पीएसएला धक्का लावत नाही. दुसरी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, ती ग्रंथी आकसवते आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर आणते. बऱ्याच जणांना दोन्ही एकत्र असलेली कॅप्सूल दिलेली असते आणि नाव विचारलं तर सांगतात "ती लघवीची गोळी". अशा माणसाचा पीएसए ३.२ आला, रिपोर्टवर काही हाय-बिय नाही, सगळे खुश. खरं तर तो दुप्पट करून वाचायचा, ६.४. आणि गोळी चालू असताना आकडा खाली जायच्या ऐवजी वर चढायला लागला तर तो चारच्या आत असला तरी डॉक्टरला दाखवायचा. गोळीची पट्टी खिशात घालून घेऊन जा, नाव पाठ करायची गरज नाही.

परत पण जास्तच आला तर?

तर यूरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या मार्गाचे सर्जन. ते आधी बोटानं तपासणी करतात, गुदद्वारातून, अर्ध्या मिनिटाचं काम. या अर्ध्या मिनिटाच्या लाजेपायी आपल्याकडची माणसं वर्ष वर्ष जात नाहीत. एमआरआयला हजारो रुपये द्यायला तयार, पण ते नको. अहो, गाठ टणक दगडासारखी लागते का मऊ रबरासारखी हे बोटाला कळतं, आणि टणक लागली तर पीएसए काहीही असो, पुढची तपासणी करावीच लागते.

मग सोनोग्राफी. त्यात प्रोस्टेट किती सीसी आहे ते येतं, तो आकडा सांभाळून ठेवा, कारण त्यातून एक फुकटचा हिशोब निघतो. पीएसए भागिले सीसी. कारखान्याच्या भाषेत, एकूण आवाज भागिले माग. चाळीस मागांच्या कारखान्यातून मोठा आवाज येणारच, पण दहा मागांतून तेवढाच आवाज येत असेल तर काहीतरी आपटतंय. अण्णांची ग्रंथी निघाली ५८ सीसीची, ५.८ ला ५८ नं भागा, ०.१०. हीच ग्रंथी २५ सीसीची असती तर ०.२३ आलं असतं. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात आणि ०.१५ च्या वर गेली की डॉक्टर जास्त सावध होतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचं माप थोडं ढोबळ असतं, तरी अंदाज येतो.

अजून एक रक्ताची टेस्ट असते, फ्री पीएसए. रक्तातलं काही पीएसए दुसऱ्या प्रोटीनला चिकटलेलं असतं, काही सुटं. कॅन्सरमध्ये सुट्याचं प्रमाण कमी होतं. सुटं २५ टक्क्यांच्या वर असेल तर काळजी कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. मधल्या पट्ट्यातल्या माणसालाच याचा उपयोग, पीएसए २० आला असेल तर त्यावर पैसे घालवू नका.

एमआरआय म्हणजे खिडकीतून आत बघणं, बायोप्सी म्हणजे दार उघडून मागाला हात लावणं. पूर्वी पीएसए वाढला की थेट बायोप्सी, आता आधी एमआरआय करायचा कल आहे. रिपोर्टवर १ ते ५ गुण देतात, १-२ म्हणजे शंका कमी, ४-५ म्हणजे शंका जास्त, ३ म्हणजे पुन्हा तेच, मधलं. २०१८ च्या एका अभ्यासात ५०० पुरुषांचे दोन गट केले, ज्यांचा एमआरआय आधी झाला त्यातल्या २८ टक्के लोकांची बायोप्सी टळली, आणि तरीही धोकादायक कॅन्सर जास्त सापडले, बिनधोकादायक कमी. एमआरआय साफ आला म्हणजे शंभर टक्के नाही असं मात्र नसतं, काही सुटतात, म्हणून डेन्सिटी आणि घरातला इतिहास बघून कधी तरीही बायोप्सी सांगतात.

"कशाला एवढा घोळ, सरळ बायोप्सी करून टाकू की"

असं पोरं म्हणतात, विशेषतः बाहेरगावची, कारण त्यांना एका फेरीत विषय संपवायचा असतो. बायोप्सीत दहा-बारा सुया घेऊन तुकडे काढतात. लघवीतून, वीर्यातून काही दिवस रक्त जाणं नेहमीचं, काहींना लघवी अडकते, गुदद्वारातून केली तर काही जणांना इन्फेक्शन होऊन ॲडमिट व्हावं लागतं, म्हणून आता अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून करायची पद्धत वाढलीय. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, मनानं बंद करायची नाही.

आणि उलट टोकाचे लोक म्हणतात सुई लावली की कॅन्सर पसरतो. प्रोस्टेटच्या बायोप्सीनं कॅन्सर पसरून माणूस दगावतो, याला आधार नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी या भीतीनं थांबू नये.

"मला काहीच त्रास नाही, मग कॅन्सर कसा?"

सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं, तो ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला वाढतो, नळी दबत नाही. लघवीचा त्रास असतो तो बहुतेकांना साध्या वाढीमुळं. म्हणजे त्रास आहे म्हणून कॅन्सर असेल असं नाही आणि त्रास नाही म्हणून नसेल असंही नाही.

सख्ख्या भावाला किंवा वडलांना झाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास किंवा जास्त होतो, हे डॉक्टरला आपणहून सांगा. आपल्याकडं "ते लघवी अडकून गेले" एवढंच सांगतात, कशानं अडकली होती ते कोणाला माहीत नसतं.

कॅन्सर निघालाच तर लगेच ऑपरेशन?

इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण कॅन्सर म्हटलं की काढून टाका एवढंच आपल्याला माहिती. प्रोस्टेटचा बराचसा कॅन्सर आळशी असतो. इतर कारणानं वारलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनात ऐंशीच्या आसपास निम्म्याहून जास्त लोकांत त्याच्या खुणा सापडतात, त्यांना आयुष्यभर पत्ता नव्हता. बायोप्सीच्या रिपोर्टवर ग्लीसन स्कोर येतो, ६ म्हणजे आळशी जात, ८ ते १० आक्रमक, बायडन यांचा ९ होता. सहावाल्या बहुतेकांना डॉक्टर लक्ष ठेवून राहू म्हणतात, ठरावीक महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, बायोप्सी, आणि बदल दिसला तरच उपचार. हे दुर्लक्ष नाही, तारखा ठरलेल्या असतात, त्या चुकवल्या तर मात्र ते दुर्लक्ष होतं.

ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर हे करून बघितलंय, वय ५० ते ६९, एक गट ऑपरेशन, एक रेडिएशन, एक नुसतं लक्ष. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निकाल आले, तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले लोक तीन टक्क्यांच्या आसपासच. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर बाहेर पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, ९ टक्क्यांच्या वर, बाकी दोघांत ५ च्या आसपास, आणि त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुढं कधीतरी उपचार घ्यावे लागले. पण ऑपरेशन आणि रेडिएशनची किंमतही आहे, लघवीवर ताबा न राहणं, संबंधात अडचण, शौचाचा त्रास. पन्नाशीतला माणूस आणि बायपास झालेला ७८ चा माणूस, दोघांचं उत्तर एक नसणार.

मग टेस्ट करायचीच कशाला?

रास्त प्रश्न. युरोपात १ लाख ६२ हजार पुरुषांवर चाललेल्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले. टेस्टला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागं एक प्रोस्टेट कॅन्सरचा मृत्यू टळला. त्या एकाच्या घरच्यांना विचारलं तर टेस्ट सोन्याची, बाकीच्यांतल्या काहींना विनाकारण सुया आणि झोपेचं खोबरं. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये सांगितलं की ५५ ते ६९ मध्ये डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवा आणि सत्तरीनंतर लक्षणं नसताना सरसकट करू नका. बायडन यांच्या ऑफिसनं सांगितलं की त्यांची शेवटची पीएसए टेस्ट २०१४ मधली होती, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर पुढं त्यांची टेस्ट झालेली दिसत नाही. त्यांच्या बाबतीत ते महागात पडलं असं आपण आता म्हणू शकतो, पण एका माणसावरून नियम ठरत नाही.

आपल्या देशात याची सरकारी तपासणी मोहीम नाही, आशाताई घरी येऊन विचारतात ते तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल. त्यामुळं इथं दोनच जाती दिसतात, पॅकेजमध्ये न विचारता टेस्ट झालेले आणि हाडं दुखायला लागल्यावर आलेले. माझं स्पष्ट मत, सत्तरीच्या माणसाच्या पॅकेजमध्ये ही टेस्ट न विचारता घालू नये. रक्त घ्यायला येणाऱ्या पोरानं निदान एवढं विचारावं, लघवीला जळजळ आहे का, गोळी कुठली चालू आहे. दोन वाक्यं.

थांबायचं नाही असं कधी

हे सगळं ४ ते १० च्या मधल्या लोकांसाठी. आकडा १० च्या वर, बोटाला टणक गाठ, लघवीतून रक्त, कंबर किंवा बरगडी सतत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, यात महिना दोन महिने वाट बघत बसू नका. लघवी पूर्ण अडकली किंवा कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सिव्हिलला गेलात तरी चालेल, पण रात्र काढू नका. पुढं उपचार लागलेच तर जिल्ह्यातच बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे, दरवेळी मुंबई गाठावी लागते असं नाही.

अण्णांच्या लघवीत इन्फेक्शन निघालं. औषध झालं, सात आठवडे थांबलो, आणि परवा परत रक्त घेतलं, त्याच लॅबमध्ये. ४.६ आला. कॉम्प्युटरनं परत शेजारी हाय छापलं. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, मऊ लागलं, सहा महिन्यांनी परत करू म्हणाले. अण्णांनी दोन्ही रिपोर्ट आणि सोनोग्राफी कारखान्याच्या जुन्या हिशोबाच्या फाईलमध्ये घातली, वर मोठ्या अक्षरात महिना लिहिला, आणि पोराला फोन लावून म्हणाले, "हाय हाय करू नको, चार पॉइंट सहा हाय."